पावसाळ्यात भिंतीवरचे सजावटी पॅनेल सुटते, फुगते किंवा कुबट वास देते तेव्हा कारण कसे शोधावे

गोव्यात घरातील सजावटी पॅनेलांच्या तक्रारी बहुधा जुलैच्या मध्यापासून येऊ लागतात आणि चवथीनंतरच्या (गणेश चतुर्थीनंतरच्या) पंधरवड्यात त्यांचा जोर सर्वांत अधिक असतो. फोंडा, डिचोली आणि तिसवाडी तालुक्यांत पॅनेल बसवण्याचे, आणि त्याहून जास्त वेळा दुसऱ्यांनी बसवलेले पॅनेल उतरवून पुन्हा बसवण्याचे काम करताना हा बिघाड मी इतक्या वेळा हाताळला आहे, की केवळ पॅनेल बदलून तो जात नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. बदललेले पॅनेल पुढच्या पावसाळ्यात त्याच भिंतीवर, पुष्कळदा त्याच कोपऱ्यातून सुटते. म्हणून खालच्या बहुतेक तपासण्या पॅनेलमागच्या भिंतीच्या आहेत आणि त्या फुकटातल्या तपासणीपासून सुरू होऊन हळूहळू खर्चाच्या तपासणीकडे जातात.

लक्षणे

सर्वांत ठळक लक्षण म्हणजे पॅनेलची कड भिंतीपासून अलग होणे आणि जोडात नखाएवढी फट दिसू लागणे. पीव्हीसी पॅनेल मधोमध पोट काढल्यासारखे पुढे येते. एमडीएफचे (दाबलेल्या लाकूडतंतूंचे) पॅनेल तळाशी दुधात बुडवलेल्या पावासारखे फुगते आणि त्यावरचा लॅमिनेटचा थर सुटतो. डब्ल्यूपीसीच्या (लाकूडभुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या) उभ्या लूव्हरपट्ट्या स्वतः सहसा फुगत नाहीत, पण त्यांना धरणारी मागची लाकडी रीप वाकली की सबंध ओळ वेडीवाकडी दिसते. संगमरवरासारख्या दिसणाऱ्या चकचकीत शीटवर लाटा उमटतात. काही घरांत डोळ्यांना काहीच दिसत नाही, मात्र खोली बंद ठेवून सकाळी उघडली की कुबट वास येतो, शेजारच्या कपाटातील कपड्यांवर बुरशीचे ठिपके पडतात किंवा स्विचबोर्डाच्या कडेने भिंत काळवंडते. हा शेवटचा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण तोवर पॅनेलमागचे नुकसान बरेच पुढे गेलेले असते.

तपासणीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. त्या भिंतीवरील स्विचला किंवा पॅनेलच्या धातूच्या पट्टीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, किंवा पाऊस पडला की घरातील आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल, तर पुढे काहीही करू नये. मुख्य स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे. ओल्या भिंतीतील वायरिंग आणि हातातला पेचकस यांची गाठ पडू देण्याइतके कोणतेही पॅनेल मोलाचे नसते.

पहिली तपासणी : बिघाड केव्हा दिसतो आणि कोठे दिसतो

यासाठी वही आणि पेन्सिल पुरते. फुगवटा एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दिसत असेल आणि रात्री कमी होत असेल, तर ओलीचा त्याच्याशी संबंध नाही. पीव्हीसी उष्णतेने पुष्कळ प्रसरण पावते. दहा फूट लांबीचे पॅनेल पंधरा अंश सेल्सिअसने तापले, तर त्याची लांबी सुमारे ३ मिलिमीटरने वाढते. ते जमिनीपासून छतापर्यंत घट्ट कापून बसवलेले असेल, तर ही वाढ सामावायला जागाच उरत नाही आणि पॅनेल मधून पुढे येते. अशा वेळी वरची कॉर्निसपट्टी काढून पॅनेलच्या वरच्या टोकाला ५ मिलिमीटर कापावे आणि पट्टी पुन्हा लावावी. काम तेवढ्यावर भागते. हे न तपासता ओल समजून सगळी भिंत उघडलेली मी पाहिली आहे.

बिघाड पावसाळ्यातच दिसत असेल, तर जागेकडे लक्ष द्यावे. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत किंवा कमरेपर्यंतचा पट्टा बिघडला असेल, तर पाणी घराच्या पायातून वर चढत आहे किंवा आतून लादी पुसताना लागत आहे. खिडकीच्या खालचा भाग बिघडला असेल, तर खिडकीच्या उंबऱ्याचा सांधा उघडला आहे. बिघाड वरून खाली येत असेल, तर गच्ची, पन्हळ किंवा फुटलेले नळे पाहावे लागतील. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंतींना झोडपतो. आपल्याकडे त्या बाजूला पावसाळ्यापूर्वी माडाच्या चुडतांचे झाप बांधण्याची रीत होती, ती याच कारणासाठी. ज्या भिंतीला आजोबा झाप बांधत होते, त्याच भिंतीला आतून प्लास्टिकचे पॅनेल चिकटवले आणि बाहेरचे झाप बंद केले, तर पाणी कोणत्या बाजूने येणार हे वेगळे सांगायला नको.

दुसरी तपासणी : तळाची कड

पॅनेलच्या तळाशी एक जुने पोस्टकार्ड सरकवून पाहावे. ते आत जात नसेल, तर पॅनेल थेट लादीवर टेकलेले आहे. मडगावच्या एका सदनिकेत एमडीएफचे पॅनेल सगळीकडे नेमके चार बोटे उंचीपर्यंत फुगले होते आणि घरच्यांना शेजारच्या न्हाणीघरातून गळती होत असल्याची खात्री वाटत होती. दररोज लादी पुसताना ओला पोछा जेवढ्या उंचीपर्यंत पॅनेलला घासत होता, तेवढीच ती उंची होती. एमडीएफची कापलेली कड उघडी असेल, तर ती पाणी शोषून घेते आणि एकदा फुगलेले एमडीएफ वाळल्यावरही मूळ जाडीवर परत येत नाही. तेथे फुगलेला भाग कापून टाकला, कड सील केली आणि खाली चार इंचांची पीव्हीसीची स्कर्टिंग लावली. त्यानंतर बिघाड थांबला. पॅनेल लादीपासून निदान १० मिलिमीटर वर हवे आणि ती फट स्कर्टिंगने झाकावी, सिलिकॉनने गच्च भरू नये, कारण मागे आलेले पाणी आणि ओलसर हवा बाहेर पडण्याचा तो एक मार्ग असतो.

तिसरी तपासणी : सुटलेल्या पॅनेलची पाठ

माझ्या मते या सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत बोलकी आहे, आणि बहुतेक लोक तिच्याकडे पाहतच नाहीत. ते सुटलेले पॅनेल दाबून पुन्हा चिकटवतात. त्याऐवजी जो तुकडा आधीच सैल झाला आहे, तो पूर्ण काढून उजेडात उलटा धरावा आणि गोंदाचे गोळे नीट पाहावेत.

फोंडा तालुक्यातील एका जुन्या घरात देवखोलीला लागून असलेल्या भिंतीवरचे पॅनेल चवथीच्या आदल्या आठवड्यात, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायच्या वेळी, सुटून खाली आले. मी त्याची पाठ पाहिली तेव्हा गोंदाचा प्रत्येक गोळा जागच्या जागी होता आणि नखाने उचकटत नव्हता. पण त्या गोळ्यांच्या तोंडावर पिवळ्या ऑइलपेंटचा पापुद्रा होता, त्याखाली निळ्या डिस्टेंपरचा, आणि सर्वांत शेवटी बोटाला लागणारी चुन्याची पांढरी भुकटी. गोंदाने आपले काम चोख केले होते. त्याने धरलेला रंगच भिंतीने सोडून दिला होता. त्या घरमालकांना आधीच्या कारागिराने अधिक महाग गोंद वापरण्याचा सल्ला दिला होता. तो वापरला असता तरी पॅनेल असेच पडले असते.

गोंद पॅनेलच्या पाठीवर आणि त्याला रंग किंवा पुट्टी चिकटलेली असेल, तर दोष भिंतीच्या पृष्ठभागाचा आहे. गोंद सगळा भिंतीवर राहिला असून पॅनेलची पाठ स्वच्छ असेल, तर पाठीवरची धूळ पुसली गेली नव्हती किंवा तो गोंद प्लास्टिकसाठी योग्य नव्हता; पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद प्लास्टिकला धरत नाही, आणि दोन गुळगुळीत, बंद पृष्ठभागांमध्ये तो नीट वाळतही नाही. गोंद मधून फाटून दोन्हीकडे राहिला असेल, तर पॅनेलवर ताण आला होता, म्हणजे भिंत समतल नव्हती किंवा प्रसरणासाठी जागा ठेवलेली नव्हती. दोन बाजूंच्या चिकटपट्टीवर लावलेल्या थ्रीडी पॅनेलांबद्दल मी एवढेच सांगेन, की रंगवलेल्या भिंतीवर गोव्याचा एक पावसाळा ती क्वचितच काढतात.

उघड्या झालेल्या भिंतीवर पांढरी भुकटी असेल, तर त्यावर पाण्याचा फवारा मारावा. भुकटी विरघळून दिसेनाशी झाली तर तो लोणा आहे, म्हणजे भिंतीतील पाणी बाहेर येऊन सुकताना मागे ठेवून गेलेला क्षार. विरघळली नाही आणि बुळबुळीत झाली तर ती बुरशी. लोणा दिसला की भिंतीतून पाणी वाहते आहे हे नक्की समजावे.

चौथी तपासणी : प्लास्टिकचा तुकडा

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या हवेतून, हे ठरवल्याशिवाय पुढचा खर्च करू नये. स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट लांब-रुंद तुकडा उघड्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावावा आणि किमान एक दिवस व एक रात्र तसाच ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमले, तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरची बाजू ओली आणि आतली कोरडी असेल, तर खोलीतील दमट हवेचे पाणी होत आहे. दोन्ही बाजू कोरड्या राहिल्या, तरी जोरदार पाऊस झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी. उघडिपीच्या चार दिवसांत घेतलेला निकाल दिशाभूल करतो. हजार-दोन हजार रुपयांत दोन सुयांचा ओलावामापक मिळतो, पण तो लाकडासाठी बनवलेला असतो आणि चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) किंवा लोणा आलेल्या भिंतीवर त्याचा आकडा खरा मानता येत नाही. एकाच भिंतीच्या दोन जागांची तुलना करण्यापुरता तो उपयोगी पडतो.

वातानुकूलित खोलीत एक वेगळाच प्रकार घडतो. पावसाळ्यात बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असते, तेव्हा त्या हवेतील बाष्पाचे पाणी होण्यासाठी सुमारे २५ अंशांचा पृष्ठभाग पुरतो. खोलीतला एसी २२ वर ठेवला, की पॅनेल त्या २५ अंशांहून थंड होते. बाहेरच्या भिंतीतून झिरपून आत आलेले बाष्प पॅनेलच्या पाठीला लागते आणि तेथेच त्याचे पाणी होऊन ते रिपेवर ओघळते. पुढून पॅनेल कोरडे, चकचकीत दिसते. पीव्हीसीमधून बाष्प आरपार जात नसल्यामुळे ते पाणी आतच कोंडले जाते. एसी २५-२६ वर ठेवणे, त्याचा झोत पॅनेलवर थेट पडू न देणे आणि पॅनेलच्या वर व खाली फट ठेवून खोलीतील कोरडी हवा मागे खेळू देणे, हे तीन उपाय बिनखर्चाचे आहेत. एसीची पाणी वाहून नेणारी नळी भिंतीतून गेली असेल, तर तिच्या वरच्या टोकातून रंगीत पाणी ओतून ते सगळे बाहेर येते का, हेही पाहून घ्यावे.

पाचवी तपासणी : घराबाहेर आणि पाण्याचा मीटर

घरातील सगळे नळ बंद करून, टाकी भरलेली आहे याची खात्री करून पाण्याच्या मीटरचा काटा पाहावा. तो फिरत असेल, तर मीटर आणि टाकी यांच्यामधली नळी कोठेतरी गळत आहे. टाकीच्या पुढच्या नळ्यांसाठी रात्री टाकीतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि सकाळी ती पाहावी. याला एक रुपयाही लागत नाही, आणि पॅनेल उतरवून सबंध भिंतीला जलरोधक लेप देण्याचा खर्च यामुळे वाचलेला मी पाहिला आहे.

त्यानंतर भर पावसात छत्री घेऊन त्या भिंतीच्या बाहेरून चक्कर मारावी. उन्हात हे काम होत नाही. पन्हळीतले पाणी भिंतीवर पडते का, भिंतीला टेकून फुलझाडांचा वाफा किंवा मातीचा ढीग आहे का, अंगणाची फरसबंदी जोत्यापेक्षा उंच झाली आहे का, हे पाहावे. चिरा सच्छिद्र असतो आणि पाणी सहज पितो. जुन्या घरांच्या जोत्यात ओलरोधक थर नसतो, त्यामुळे जमिनीतील पाणी चिऱ्यातून वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ते पूर्वी सुकून जात असे. सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट आणि त्यावर पीव्हीसी लावल्यावर ते आणखी वर सरकते. म्हणून आतल्या बाजूने जलरोधक रंग लावून पॅनेल बसवण्याचा सल्ला मी देत नाही. ओल थांबत नाही, फक्त तिची रेषा लेपाच्या वर दोन फुटांवर दिसू लागते. वाफा हलवणे, पन्हळ दुरुस्त करणे आणि खिडकीच्या उंबऱ्याचा सांधा बाहेरून भरणे ही कामे आधी करावीत.

सहावी तपासणी : रिपा आणि स्क्रू

येथवर कारण सापडले नाही, तरच फ्रेम उघडावी, कारण यात पॅनेल तुटण्याची शक्यता असते. स्क्रू हाताने फिरवून पाहावेत. स्क्रू फिरतो पण घट्ट होत नसेल, तर चिऱ्यात बसवलेला प्लग जागीच फिरत आहे. मऊ चिऱ्यात हॅमर ड्रिल चालवले, की भोक मोठे आणि वेडेवाकडे होते. हॅमर बंद ठेवून सावकाश भोक पाडावे, आतली भुकटी फुंकून काढावी आणि गिलावा ओलांडून चिऱ्यात निदान ५० मिलिमीटर जाईल असा लांब प्लग वापरावा. मातीच्या सांध्यात पडलेले भोक सोडून द्यावे. किनाऱ्याजवळच्या घरांत साधे स्क्रू खारट हवेने गंजतात आणि त्यांचा गंज फुगून रीप फोडतो, तेव्हा तेथे निदान ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. रिपांमधील अंतर दीड फुटाहून जास्त असेल, तर पॅनेल लवणारच. उभ्या पॅनेलांना आडव्या रिपा लागतात आणि त्या भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ठोकल्या, तर हवा वर जाऊ शकत नाही; प्रत्येक ओळीत ठिकठिकाणी दोन बोटे जागा सोडलेली असावी.

येथे थांबावे

रिपेवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या किंवा टोचणी सहज आत गेली, तर ती बहुधा वाळवी आहे. दिसणाऱ्या जागी औषध फवारल्याने ती दुसरीकडून बाहेर पडते; जमिनीसह संपूर्ण प्रक्रिया करणारा कीटकनियंत्रक बोलवावा आणि तोवर नवे लाकूड त्या भिंतीला लावू नये. बुरशीचा डाग साधारण दहा चौरस फुटांहून मोठा असेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण अथवा तान्हे मूल असेल, तर स्वतः घासायला घेऊ नये. कोरडी बुरशी घासली की तिचे कण घरभर पसरतात.

मीटरचा काटा फिरत असेल पण गळती दिसत नसेल, तर अंदाजाने भिंत फोडण्याऐवजी दाब देऊन नळ्या तपासणारा प्लंबर आणावा. वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून पाणी येत असेल, तर ते सोसायटीकडे लेखी कळवावे. खालून कितीही लेप दिला, तरी वरची गळती वरूनच बंद करावी लागते. आणि पॅनेल काढल्यावर चिऱ्यांमधील माती हाताने गळून पडत असेल, भिंत बाहेर झुकलेली वाटत असेल, तुळईखाली तिरकी भेग असेल किंवा काँक्रीट फुटून गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर त्याच दिवशी काम बंद करून संरचना अभियंत्याला दाखवावे. ती भिंत पॅनेलने पुन्हा झाकणारा मेस्त कितीही स्वस्तात काम करून देणारा असला, तरी त्याला नकार द्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुन्हा बसवताना

चवथीपूर्वी घर सजले पाहिजे, ही इच्छा मला पूर्ण समजते, कारण माझ्याही घरी तीच असते. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या भिंतीवर पॅनेल लावण्याचे काम मी घेत नाही. गळती बंद झाल्यानंतर भिंतीच्या प्रत्येक इंच जाडीला वाळण्यासाठी सुमारे एक महिना धरावा, असा बांधकामातला जुना अंदाज आहे, आणि तोही हवा कोरडी असताना. त्यामुळे फेब्रुवारी ते मे हेच महिने योग्य ठरतात. यंदाच्या चवथीसाठी ती भिंत खरवडून नुसता चुना लावावा आणि माटोळीमागे कापडी पडदा सोडावा. भिंतीला श्वास घेता येईल आणि पाहुण्यांना काही खटकणारही नाही. तळमजल्यावरील जुन्या चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला तर पीव्हीसी लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सजावट हवीच असेल, तर ती आतल्या पडभिंतीवर करावी.

सैल रंग खरवडून पक्क्या गिलाव्यापर्यंत जावे, रिपांसाठी आयएस ७१० प्रतीचे (पाण्यात टिकणारे मरीन) प्लाय किंवा डब्ल्यूपीसी घ्यावे आणि पॅनेल गोंदावर सोडून न देता रिपेला क्लिप किंवा स्क्रूनेही धरावे. प्रत्येक भिंतीवर खालच्या कोपऱ्यातील एक पॅनेल गोंद न लावता केवळ स्क्रूवर बसवून घ्यावे. पहिल्या जोरदार पावसानंतर आणि पुन्हा ऑगस्टमध्ये ते काढून मागे हाताची पालथी बाजू लावून पाहता येते आणि भिंत गार-ओलसर लागली, तर बाकीची पॅनेले सुटण्यापूर्वीच कारण शोधायला सुरुवात करता येते.